कोरडवाहू रानातला बोरू

बराकपूरजवळ नीलगंजला ज्यूट आणि तत्सम तंतुपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. गोणपाटाच्या ज्यूटबरोबर तिथे आपल्या बोरूचाही, म्हणजे पिवळ्या फुलांच्या तागाचाही अभ्यास होतो. आपण दोघांनाही ताग म्हणून गोंधळ घालतो. पण बोरू शेंगवर्गीय आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत बांधतात आणि फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण पंचेचाळीस दिवसांनी, कोवळा बोरू गाडला की मातीला सेंद्रिय पदार्थ मिळतो. पावसातले खंड वाढत असताना ओल धरून ठेवणारी माती हाच कोरडवाहू शेतकऱ्याचा खरा विमा.

आक्षेप रास्त आहे: जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाच्या माण-आटपाडीत हिरवळीचं पीकच ओल पिऊन टाकेल, हंगाम बुडेल. शिवाय गाडलेलं कुजायलाही ओल लागतेच. म्हणून तिथे सबंध रान बोरूखाली घालणं मलाही पटत नाही. मुख्य पिकाच्या दोन ओळींमध्ये पेरावा, पाऊस ओढ देतोय असं दिसताच विळ्याने कापून तिथेच पसरावा. आच्छादनाखालची माती दुपारीही गार राहते, बाष्पीभवन घटतं. बियाण्याचा आणि कापणीच्या मजुरीचा खर्च मात्र पहिल्या वर्षी खिशातूनच जातो. अनुदान द्यायचं तर तिथे द्यावं.