पूर्वजांच्या शोधार्थ आयर्लंडांत

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुलवृत्तांताचें एखादें जाडजूड पुस्तक असेलच. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून निघाला, त्याच्या शाखा कोठें कोठें पसरल्या, हें सर्व त्यांत ओळीनें दिलेलें असतें. आणि म्हणूनच कीं काय, तें पुस्तक आपण सहसा उघडून पाहत नाहीं. ज्याला कुलवृत्तांत आयता मिळाला, त्याला तो मिळविण्याचे कष्ट कळत नाहींत. ते कसे असतात हें पाहावयाचें असेल त्यानें आयर्लंडकडे दृष्टि वळवावी. ह्या लहानशा बेटांतून गेल्या दोन शतकांत लक्षावधि माणसें अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत गेलीं. त्यांचे पणतू-खापरपणतू आज मूळ गांव शोधीत परत येतात, आणि त्यांतील कित्येकांपाशीं डब्लिन शहरीं उतरतांना एका आडनांवाखेरीज दुसरें भांडवल नसतें. असा मनुष्य चार दिवस दप्तरखान्यांत घालवून बहुधा रिकाम्या हातानें परततो. ह्या यात्रेची तयारी कशी करावी, हें सांगण्याचा आजच्या लेखाचा हेतु आहे.

ह्या विषयाशीं आमचा संबंध घरगुती आहे. आमच्या धाकट्या सूनबाईंचें माहेर मेलबर्नचें. त्यांचे वडील, म्हणजे आमचे व्याही, ब्याऐंशी वर्षांचे असून त्यांचे पणजोबा आयर्लंडांतील क्लेअर परगण्यांतून ऑस्ट्रेलियास गेले. ज्या भूमींतून ते निघाले ती एकदां डोळ्यांनीं पाहावी, ही व्याह्यांची इच्छा आहे. वैद्यांनीं एका प्रवासास संमति दिली आहे, दुसऱ्याची हमी दिलेली नाहीं. तेव्हां जें करावयाचें तें एकाच खेपेंत. आम्ही जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें व जुनीं कागदपत्रें वाचण्याचा आम्हांस नाद, म्हणून बेत आंखण्याचें काम सूनबाईंनीं आमच्याकडे सोंपविलें.

आयर्लंडांतील शोध इतका कठीण कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. डब्लिन येथें ‘फोर कोर्ट्स’ नांवाच्या न्यायालयाच्या आवारांत सरकारी दप्तरखाना होता. १९२२ सालीं यादवी युद्धांत तेथें लढाई जुंपली आणि ३० जून रोजीं मोठा स्फोट होऊन तो जळाला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचे कागद, थोडेसे तुकडे वगळतां, नष्ट झाले. असंख्य मृत्युपत्रें गेलीं. प्रॉटेस्टंट लोकांच्या ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. तथापि सगळा दोष आगीच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. १८६१ व १८७१ च्या शिरगणतीचे कागद सरकारनेंच पूर्वीं नष्ट करविले होते, आणि १८८१ व १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा झाला. परिणाम असा कीं, संपूर्ण स्वरूपांत उरलेली सर्वांत जुनी शिरगणती १९०१ सालची होय. ज्याचा पूर्वज त्याआधींच देश सोडून गेला, त्यानें काय करावें?

येथें आपल्या भाषेंतील एक शब्द आम्हांस वारंवार आठवला. ‘कूळ’ म्हणजे वंश, आणि ‘कूळ’ म्हणजेच दुसऱ्याची जमीन खंडानें कसणारा शेतकरी. आयर्लंडांत पहिल्या कुळाचा पत्ता दुसऱ्या कुळाच्या नोंदींतून लागतो. माणसें मोजलेले कागद गेले, परंतु जमीन मोजलेले कागद उरले. त्यांतील पहिलीं दशमांश कराचीं पुस्तकें, सन १८२३ ते १८३७ ह्या काळांतील. हा कर चर्च ऑफ आयर्लंडसाठीं असे. परंतु शेतकरी कॅथलिक असला तरी त्याला तो चुकत नसे. दुसरी सर रिचर्ड ग्रिफिथ ह्यांची जमीन-आकारणी, १८४७ ते १८६४ ह्या काळांत प्रसिद्ध झालेली. तींत प्रत्येक जमिनीचा भोगवटदार, त्याला ती देणारा, क्षेत्र, घर आणि ठरविलेलें मूल्य हीं दिलेलीं आहेत. आणि सोबतच्या नकाशावरील आंकड्यावरून तो तुकडा आजहि दाखवितां येतो. ह्या दोहोंच्या मध्यें १८४५ पासूनचा बटाट्याचा दुष्काळ येतो. १८४१ सालीं सुमारें ८२ लक्ष असलेली लोकसंख्या १८५१ सालीं ६६ लक्षांच्या आंत आली. म्हणून जें नांव दशमांशाच्या पुस्तकांत आहे आणि ग्रिफिथच्या यादींत नाहीं, त्यापाशीं वाचणाऱ्यानें क्षणभर थांबावें. कर बसविणाऱ्यास त्या घराच्या सुखदुःखाशीं कर्तव्य नव्हतें. परंतु त्याच्या रकान्याखेरीज त्या घराचें दुसरें स्मारक बहुधा कोठेंहि नाहीं.

मात्र हीं पुस्तकें उघडावयाचीं तर गांवाचें नांव हवें. आयर्लंडांत परगणे ३२. त्यांखालीं बॅरनी, त्यांखालीं पॅरिश, आणि सर्वांत लहान घटक ‘टाउनलंड’. नांवांत टाउन असलें तरी तें शहर नव्हे. आपल्याकडील एखादी वाडी व तिचें शिवार, एवढाच बहुधा त्याचा विस्तार. असे टाउनलंड साठ हजारांवर आहेत. व्याह्यांच्या पणजोबांच्या मृत्युदाखल्यावर जन्मस्थान ‘किलमरी, क्लेअर’ असें लिहिलें आहे. घरच्या मंडळींस वाटलें, गांव सांपडलें. परंतु ‘किल’ म्हणजे आयरिश भाषेंत चर्च, आणि किलमरी म्हणजे मेरीचें चर्च. आपल्याकडे नुसतें ‘पिंपळगांव’ म्हटल्यानें जेवढा बोध होतो तेवढाच येथेंहि होतो. कारण एकट्या क्लेअरमध्यें ह्या नांवाचे तीन मुलकी पॅरिश आहेत. सुदैवानें दाखल्यावर पणजोबांच्या आईचें माहेरचें आडनांवहि होतें. तीं दोन आडनांवें एकाच ठिकाणीं कोठें आढळतात, हें ताडून पाहतां तिहींपैकीं एक किलमरी गळली. दोन उरल्या आहेत.

ह्यावरून पहिला नियम असा निघतो कीं, शोधाचा आरंभ आयर्लंडांत होत नाहीं. पूर्वज जेथें वारला तेथें होतो. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांताच्या मृत्युदाखल्यांत १८५३ पासून आईबापांचीं नांवें व जन्मस्थान विचारीत असत. न्यूयॉर्क येथें १८५० सालीं ‘एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक’ निघाली. खातेदाराची ओळख पटावी म्हणून ती त्याचें मूळ गांव व आप्तांचीं नांवें वहींत लिहून घेई. बोस्टनच्या ‘पायलट’ वृत्तपत्रांत १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत, आणि त्यांत गांवाचा उल्लेख पुष्कळदां असे. आमच्या मुंबई इलाख्याचाहि येथें संबंध पोंचतो. गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा मोठा भरणा असे. इलाख्यांतील युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह व दफनें ह्यांच्या नकला लंडनला जात व त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. ज्या कुटुंबाचा पूर्वज पुणें-खडकीच्या छावणींत राहून गेला, त्यानें तीं दप्तरें आधीं पाहावीं. शिपायाच्या भरतीच्या किंवा निवृत्तीच्या कागदावर जन्माचा पॅरिश सांपडण्याचा संभव असतो.

दुसरा नियम असा कीं, जें घरीं बसून पाहतां येतें त्यासाठीं प्रवासाचा एकहि दिवस खर्चूं नये. १९०१ व १९११ च्या शिरगणतीचे कागद इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात. १९११ च्या कागदांत विवाहित स्त्रीस, लग्नाला किती वर्षें झालीं, किती अपत्यें जिवंत जन्मलीं व त्यांपैकीं किती हयात आहेत, असे प्रश्न आहेत. शेवटच्या दोन आंकड्यांतील अंतर पाहून मन विषण्ण होतें. वयांवर मात्र फार विसंबूं नये. सत्तर वर्षांवरील गरिबांस पेन्शन देणारा कायदा १९०८ सालीं झाला, आणि त्यामुळें १९०१ सालीं अठ्ठावन्न वर्षांची असलेली बाई १९११ सालीं बाहत्तर वर्षांची झालेली आढळते! ह्या पेन्शनीपासून एक अकल्पित लाभहि झाला. वय सिद्ध करण्यासाठीं लोक १८४१ व १८५१ च्या शिरगणतींतील आपल्या घराची नोंद शोधून मागत. ती शिरगणती पुढें जळाली. पण शोधाचे ते अर्ज उरले, आणि जळालेल्या कागदांतील कित्येक कुटुंबें त्यांवरून आज कळतात.

जन्म, विवाह व मृत्यु ह्यांची सर्व लोकांची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. तीहि आतां इंटरनेटवर मिळते. त्यापूर्वींच्या कॅथलिक कुटुंबांस पॅरिशच्या वह्यांचाच आधार. राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१५ सालीं १,०८६ पॅरिशांच्या, सुमारें १८८० पर्यंतच्या वह्यांचीं छायाचित्रें सर्वांस खुलीं केलीं. ह्यांतील पुष्कळ वह्या लॅटिन भाषेंत आहेत, आणि संस्कृत शिकलेल्यास त्या वाचण्यांत निराळाच आनंद आहे. जेम्सचा तेथें ‘याकोबुस’ होतो, विल्यमचा ‘गुलिएल्मुस’. आणि ‘पॅट्रिकचा मुलगा’ म्हणावयाचें असतां बापाचें नांव षष्ठी विभक्तींत जाऊन ‘पात्रिकिई’ बनतें. विभक्ति न ओळखणारा मनुष्य हें एखादें वेगळेंच नांव समजून बसेल. ह्या वह्यांत आईचें माहेरचें आडनांव बहुधा दिलेलें असतें. आपल्या कित्येक जुन्या कुलवृत्तांतांत लेकीसुनांच्या वांट्यास जेवढी जागा आली, तिच्या मानानें ते धर्मगुरु उदारच म्हणावयाचे. बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांवहि उतरून घ्यावें. तीं पुष्कळदां नात्यांतलींच असतात.

मग प्रवास तरी कशासाठीं करावयाचा? पुष्कळ कागद अद्याप जागच्या जागींच पाहावे लागतात म्हणून, आणि भूमि इंटरनेटवर पाहून समाधान होत नाहीं म्हणून. आमचा बेत बारा दिवसांचा आहे. पहिले तीन दिवस डब्लिन: बिशप स्ट्रीटवरील राष्ट्रीय दप्तरखाना व किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालय. दोन्हींकडे वाचकपत्र लागतें, म्हणून ओळखीचा कागद जवळ असावा. शाईची लेखणी नको, शिसपेन्सिल न्यावी. ग्रिफिथनंतरच्या काळांत भोगवटदार बदलत गेले, त्यांच्या फेरफाराच्या वह्या विशेष महत्त्वाच्या. कोणत्या सालीं एक नांव खोडून दुसरें लिहिलें, ह्यावरून मृत्यूचा किंवा देशत्यागाचा सुमार लागतो. ह्या वह्या कोठें व केव्हां पाहावयास मिळतील, हें निघण्यापूर्वींच पत्रानें विचारून ठेवावें. पुढें दोन दिवस क्लेअरचें मुख्य ठिकाण एनिस; तेथील परगणा-ग्रंथालयाचा स्थानिक इतिहासाचा विभाग नांवाजलेला आहे. नंतर दोन्ही किलमरींस प्रत्येकीं दोन दिवस. धर्मगुरूंस आधीं पत्र लिहावें. रविवारीं प्रार्थनेच्या वेळीं वहीची मागणी करूं नये. थडग्यावरील झिजलेलीं अक्षरें सकाळसंध्याकाळच्या तिरप्या उन्हांत वाचतां येतात. त्यांवर खडू किंवा तारेचा ब्रश फिरविणें हा दगडाचा घात होय. उरलेले दिवस प्रवासाचे व व्याह्यांच्या विश्रांतीचे.

ज्यांचा पूर्वज उत्तरेकडील सहा परगण्यांतला, त्यांनीं बेलफास्टचा सरकारी दप्तरखाना पाहावा. तो प्रदेश युनायटेड किंग्डममध्यें मोडतो. म्हणून भारतीय पासपोर्टावर जाणारांनीं दोन्ही देशांच्या प्रवेशाची परवानगी आधीं नीट पाहून घ्यावी.

इतकें करूनहि गांव सांपडेलच असें नाहीं. ज्याच्या नांवावर घर किंवा जमीन नव्हती, अशा शेतमजुराचें नांव ग्रिफिथच्या यादींत येण्याचें कारण नव्हतें. पश्चिमेकडील कित्येक पॅरिशांच्या वह्याहि एकोणिसाव्या शतकांत बऱ्याच उशिरां सुरू होतात. दोन किलमरींपैकीं खरी कोणती, हें कदाचित् शेवटपर्यंत ठरणार नाहीं, असें आम्हीं व्याह्यांस स्पष्ट लिहिलें. त्यांचें उत्तर आलें तें असें: “दोन्ही दाखवा. ज्या गांवानें आमचा माणूस धाडला नाहीं, त्यानें दुसऱ्या कोणाचा तरी धाडलाच असेल.” ह्या वाक्यानंतर बेतांतील एकहि दिवस कमी करणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९२२ च्या आगींत मूळ मृत्युपत्रें जळलीं, तरी त्यांतील पुष्कळांचा सारांश आज उपलब्ध आहे. कारण सर विल्यम बेथम ह्यांनीं त्यापूर्वीं शंभर वर्षांच्या सुमारास हजारों मृत्युपत्रांचीं टिपणें काढून ठेविलीं होतीं. अशाच जगभर विखुरलेल्या नकला जमवून, जळालेला दप्तरखाना जमेल तितका पुन्हां उभारण्याचें काम आयर्लंडांतील विद्वान् करीत असून, त्याचें भांडार २०२२ सालीं इंटरनेटवर सर्वांस खुलें झालें. तात्पर्य, एकच प्रत असलेला कागद म्हणजे वाऱ्यांतला दिवा. जो कोणी ह्या यात्रेस जाईल, त्यानें आपल्या टिपणांची एक नकल त्या गांवच्या ग्रंथालयांत ठेवावी, दुसरी परदेशांतील भावंडांस द्यावी, आणि मगच तिसरी आपल्या कपाटांत ठेवावी.