गाडी विकली, पण मालक कोण?

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर नवी मोटार दारात येते आणि जुनीला गिऱ्हाईक शोधले जाते. ओळखीतला कोणी, सोसायटीतला शेजारी किंवा जुन्या गाड्यांचा दलाल पुढे येतो. भाव ठरतो, पैसे हातात पडतात, चार-दोन कागदांवर सह्या होतात आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते. विकणाऱ्याच्या दृष्टीने व्यवहार तिथे संपलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो अर्धवटच असतो. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजेच आरटीओच्या नोंदवहीतील नाव बदलेपर्यंत ती गाडी जुन्याच मालकाची राहते. या एका गोष्टीचे अज्ञान किती महागात पडू शकते, याची कल्पना फार थोड्या विक्रेत्यांना असते.

'मालक' या शब्दाचा कायदेशीर अर्थ

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे, तो मालक, असे या व्याख्येचे सूत्र आहे. गाडी कोणाच्या ताब्यात आहे, पेट्रोल कोण भरतो, पैसे कोणी दिले, याला त्यात दुय्यम स्थान आहे. कर्ज किंवा भाडेकराराने घेतलेल्या वाहनांसाठी वेगळी तरतूद असली, तरी रोख व्यवहारात विकलेल्या गाडीसाठी नोंदणी पुस्तकातील नाव हाच निकष ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालाने हा मुद्दा अधिक स्पष्ट केला. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या मोटारीने दोघांना धडक दिली व त्यात एकाचा मृत्यू झाला. गाडी आपण केव्हाच विकली होती, हा पहिल्या मालकाचा बचाव उच्च न्यायालयाने मान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. नोंदणी न झालेल्या विक्रीची साखळी शोधत फिरण्याचा भार अपघातग्रस्तांवर टाकता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

जबाबदारी केवळ भरपाईपुरती मर्यादित नाही. वाहतूक नियमभंगाचे ई-चलन नोंदणीकृत मालकाच्याच नावाने निघते. गाडी त्या वेळी कोण चालवत होते, याची माहिती पोलिसांना देण्याचे बंधनही कलम १३३ नुसार मालकावरच असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ तर आणखी कडक आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. हे आपल्या नकळत घडले, असे सिद्ध करण्याची मुभा आहे. परंतु सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच असते.

गाडीचा वापर गंभीर गुन्ह्यात झाला, तर पोलीस प्रथम क्रमांकावरून नोंदणीकृत नावापर्यंत पोहोचतात. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ झालेल्या मोटारस्फोटातील गाडीही अनेक हातांतून फिरलेली होती आणि तपासाची सुरुवात जुन्या मालकाच्या चौकशीपासूनच झाली. निर्दोष माणसाची अशा चौकशीतून सुटका होते खरी. पण मधले दिवस कसे जातात, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

चौदा आणि तीस दिवसांची मुदत

नाव बदलण्याची प्रक्रिया कलम ५० मध्ये दिली आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला तसे कळवायचे असते. त्यासाठीचा अर्ज म्हणजे नमुना क्रमांक २९. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नमुना क्रमांक ३० भरून आपल्या नावावर नोंद करून मागायची असते. बाजारात या दोन्हींना मिळून 'टीटी फॉर्म' म्हणण्याची पद्धत आहे. अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतात. सोबत मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे व पत्त्याचे पुरावे आणि शुल्क लागते.

घोळ होतो तो नेमका इथेच. बहुतेक विक्रेते कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून ते दलालाच्या हाती देतात. खरेदीदाराचे नाव व तारीख यांची जागा रिकामीच असते. दलालालाही ते सोयीचे असते. गाडी पुन्हा विकली गेली, तर तेच कागद पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावाने भरता येतात आणि मधल्या हस्तांतराचा खर्च वाचतो. त्या काळात गाडी कोठे फिरते, कोण चालवतो, याचा पत्ता विक्रेत्याला नसतो. नाव मात्र त्याचेच असते. म्हणूनच कोऱ्या अर्जावर सही करू नये, हा या व्यवहारातला पहिला नियम मानावा.

नमुना २९ ची सूचना देणे हे विक्रेत्याचे स्वतंत्र कर्तव्य आहे. खरेदीदाराने आपला अर्ज केला नाही, तरी विक्रेत्याने आपली सूचना मुदतीत दाखल करून तिची पोच जपून ठेवावी. केवळ सूचना दिल्याने नाव बदलत नाही. परंतु पुढे वाद उद्भवल्यास विक्रीची तारीख सिद्ध करण्यास ती उपयोगी पडते.

किल्ली देण्यापूर्वी

गाडी ताब्यात देताना 'डिलिव्हरी नोट', म्हणजेच ताबा पावती, करण्याची प्रथा आहे. तीत गाडीचा क्रमांक, इंजिन व चेसिस क्रमांक, किलोमीटरचा आकडा, ठरलेली रक्कम, ताब्याची तारीख आणि वेळ यांची नोंद असावी. त्या क्षणापासून गाडीची जबाबदारी खरेदीदाराची राहील, असे वाक्य असावे व दोघांच्या सह्या असाव्यात. वेळ लिहिण्यास अनेकजण विसरतात. संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि रात्री आठला अपघात झाला, तर तीच नोंद महत्त्वाची ठरते. ही पावती म्हणजे नोंदणीला पर्याय नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. अपघातग्रस्तांसमोर तिचा उपयोग नाही. खरेदीदाराशी होणाऱ्या पुढच्या वादात तो पुरावा ठरेल.

शक्य असल्यास किमतीतील काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचे दोघांनी लेखी ठरवावे. खरेदीदाराने ठेव म्हणून दिलेली ही रक्कम नव्या नावाचे प्रमाणपत्र दाखवताच परत करायची. असे झाले, तर आरटीओचे काम रेंगाळत नाही.

फास्टॅग हा अलीकडचा विसरभोळेपणा. तो विकणाऱ्याच्या खात्याशी जोडलेला असतो. तो बंद न करता गाडी दिली, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा नव्या मालकाचा टोल जुन्याच्या खात्यातून कापला जातो. गाडी देण्यापूर्वी संबंधित बँकेकडून तो बंद करून घ्यावा.

विम्याचे दोन भाग

विम्याबाबतचे गैरसमज तर आणखी मोठे आहेत. मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात दोन भाग असतात. एक त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, जो कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गाडी विकल्यावर कलम १५७ नुसार पहिला भाग खरेदीदाराकडे गेल्याचे मानले जाते. दुसऱ्या भागाला ही सवलत नाही. खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपले नाव लावून घेणे आवश्यक असते. नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाली, परंतु पॉलिसी जुन्याच्याच नावावर राहिली, अशा स्थितीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे.

विक्रेत्याच्या हक्काची गोष्ट म्हणजे 'नो क्लेम बोनस'. सलग वर्षे दावा न केल्यास हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी ही सवलत गाडीची नसते, तर माणसाची असते. विक्रीनंतर कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतल्यास ती नव्या गाडीच्या विम्यासाठी ३ वर्षांपर्यंत वापरता येते. ते न घेता गाडी देणारे आपले काही हजार रुपये सहज गमावून बसतात.

याच ओघात एक चूक घडते. गाडी विकली म्हणून काहीजण पॉलिसीच रद्द करून उरलेल्या हप्त्याचे पैसे परत मागतात. नोंदणी अजून आपल्याच नावावर असताना असे करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय. त्या काळात अपघात झाला, तर भरपाई देण्यास विमा कंपनी नसेल आणि लाखो रुपयांची रक्कम थेट नोंदणीकृत मालकाच्या खिशातून जाईल. आधी नाव बदलावे, मग विम्याचा हिशेब करावा, हाच क्रम योग्य ठरतो.

दलालाला गाडी देताना

जुन्या गाड्यांच्या दलालांकडे राहिलेल्या गाडीचा मालक कोण, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून तो सोडवण्याचा प्रयत्न केला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या नियमांनुसार दलालाला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात देताना मालक व दलाल यांनी नमुना २९सी मध्ये संकेतस्थळावर सूचना द्यायची असते. ती नोंदली गेल्यावर दलाल हा त्या गाडीचा 'मानीव मालक' ठरतो आणि त्या काळातील घटनांची जबाबदारी त्याच्यावर येते.

अर्थात, हे संरक्षण अधिकृत दलालाकडे रीतसर सूचना दिली तरच मिळते. म्हणून दलालाला प्रमाणपत्र दाखवण्यास सांगावे आणि २९सी ची पोच हातात पडल्याखेरीज किल्ली देऊ नये. 'आमच्याकडे असली भानगड लागत नाही' असे उत्तर आले, तर दुसरे दुकान शोधावे.

घेणाऱ्याने काय पाहावे?

खरेदीदाराचे हितही त्याच नोंदवहीत दडलेले असते. गाडीचा क्रमांक टाकून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर मालकाचे नाव काही अंशी, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत व कर्जाचा बोजा पाहता येतो. बोजा दिसत असल्यास कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांच्या आधारे तो आधी उतरवून घ्यावा. कर्ज फिटले म्हणजे नोंद आपोआप पुसली गेली, असे समजू नये. थकलेली ई-चलने आधीच्या मालकाकडून भरून घ्यावीत. चेसिसवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बंधनकारक झाली आहे; ती बसवलेली आहे की नाही, हेही पाहावे.

गोवा, कर्नाटक किंवा गुजरातमधील गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हिशेब पुढचाही करावा. तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ द्वारे घ्यावे लागते. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्यास नवा क्रमांक घेणे कलम ४७ नुसार आवश्यक असते आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. स्वस्त वाटलेली गाडी तिथेच महाग होते.

वडिलांच्या नावावरची गाडी

विक्री नसली, तरी नावाचा प्रश्न घरातही उभा राहतो. घरातील कर्त्या माणसाच्या निधनानंतर त्याच्या नावावरची गाडी मुले वर्षानुवर्षे तशीच चालवतात. नियमांनुसार वारसाने ३० दिवसांच्या आत आरटीओला निधनाची माहिती देऊन गाडी वापरण्याचा इरादा कळवायचा असतो आणि ३ महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून आपल्या नावावर नोंद मागायची असते. दुःखाच्या दिवसांत हे सुचणे अवघड असते. २०२१ च्या दुरुस्तीने नोंदणी प्रमाणपत्रात वारसाचे नाव आधीच नोंदवण्याची सोय झाली आहे. बँकेच्या खात्यात जसे नामनिर्देशन करतो, तसे ते हयातीतच करून ठेवणे शहाणपणाचे.

आधीच विकून बसला असाल तर

ज्यांनी पूर्वीच गाडी विकली आहे, त्यांनी आपला जुना क्रमांक संकेतस्थळावर तपासून पाहावा. नाव अजून आपलेच असेल, तर खरेदीदाराशी संपर्क साधून अर्ज पूर्ण करून घ्यावा. तो दाद देत नसल्यास नमुना २९ आरटीओत दाखल करावा, खरेदीदाराला पोच-पावतीसह नोंदणीकृत पत्र पाठवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन ठेवावा. तोवर गाडीचा त्रयस्थ विमा चालू आहे ना, यावर लक्ष ठेवावे. प्रसंगी तो स्वतः भरणे परवडते. विकलेल्या गाडीचा विमा भरणे विचित्र वाटेल, पण अपघाताच्या भरपाईपुढे ती रक्कम किरकोळच आहे.