शेणात पाणी किती?

दिवाळी आटोपली की माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवरची मेंढरे चाऱ्याच्या शोधात वाटेला लागतात. मुक्कामाच्या रानात वाघर म्हणजे जाळीचे कुंपण लावून कळप रात्रभर बसवायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्याने मेंढपाळाला धान्य किंवा पैसे द्यायचे, हा जुना रिवाज. लेंडी आणि मूत जागच्या जागी मुरतात. वाहतूक नाही, साठवण नाही, धुणे तर नाहीच. इतका चोख हिशेब बिघडला कुठे?

गोठ्यातल्या पाण्याच्या नळीपाशी. भिलवडीत १९३९ साली चितळ्यांची डेअरी उभी राहिली, पुढे सहकारी दूध संघ आले आणि कृष्णाकाठी दूध हा उसाच्या जोडीचा धंदा झाला. दारातल्या दोन म्हशींच्या जागी कुठे दहा, कुठे वीस संकरित गायी आल्या. मातीच्या जमिनीवर कोबा आला. दोन जनावरांचे शेण पाटीत भरून उकिरड्यावर जाई. वीस गायींचे उचलायला माणूस मिळेना, म्हणून ते नळीने ढकलणे सुरू झाले. घट्ट शेण हे खत. त्यातच चार-पाच पट पाणी मिसळले की ते ना पाटीत राहते, ना ट्रॉलीत. मग खड्ड्यात साचते, नाहीतर ओढ्याला लागते.

साचलेला खड्डा गप्प बसत नाही. हवा न मिळाल्याने त्यात मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. नत्र अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. अमेरिकेत वराहपालनाच्या शेतांवर मलमूत्राची तळीच असतात. सप्टेंबर २०१८ मधल्या फ्लोरेन्स वादळात नॉर्थ कॅरोलायनातली अशी कितीतरी तळी भरून वाहिली. पुढच्याच ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पुराच्या पट्ट्यात शेणखड्डा कशाला नको, हे इथे कुणाला समजावायची गरज नाही.

यातून सुटायची एक वाट गोबरगॅसची, आणि तो आपल्याला नवा नाही. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढला गेला. खादी आयोगाने तरंगत्या टाकीचे संयंत्र गावोगाव नेले, १९८४ साली स्वस्त ‘दीनबंधू’ आले. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि पाणीही तेवढेच. गोम इथेच आहे. नळीने धुतलेले पातळ पाणी त्यात सोडले, तर संयंत्र पोट भरूनही उपाशी राहते. प्रमाण सांभाळले तर चूल पेटते आणि बाहेर पडणाऱ्या स्लरीत नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक शाबूत राहतात.

दुसरी वाट फलटणकडची. तिथे गोविंद मिल्कने मुक्तसंचार गोठ्याचा प्रसार केला. गायी दावणीला बांधायच्या नाहीत, कुंपणाच्या आत मोकळ्या सोडायच्या. शेण रोज धुवायचे नाही. ते खुरांखाली तुडवले जाते, उन्हात वाळते आणि सवडीने गोळा होते. मजुरी वाचते, पाणी वाचते आणि हाती येते ते वाहून नेण्याजोगे खत. पावसाळ्यात मात्र उंचवट्याची, निचऱ्याची जागा हवी. नाहीतर गोठ्याचाच खड्डा होतो.

या खताची भूक शेजारीच आहे. अतिपाण्याने वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतल्या जमिनी क्षारपड झाल्या. निचऱ्याच्या जोडीला त्यांना सेंद्रिय कर्बही हवा. चांगल्या शेणखताच्या एका टनात नत्र जेमतेम पाच किलो. ते युरियाच्या गोणीशी स्पर्धा करत नाही. त्याचे काम माती भुसभुशीत ठेवण्याचे. तासगावचा द्राक्षबागायतदार हे जाणतो, म्हणून शेणखताच्या ट्रॉल्या लांबून मागवतो.

म्हणजे एकाच जिल्ह्यात एक शेतकरी शेण पाण्याबरोबर ओढ्याला लावतो आणि दुसरा तेच पैसे मोजून आणतो. उसाला पाणी जास्त झाले तर जमीन बिघडते, हा धडा कृष्णाकाठाने मोठी किंमत देऊन घेतला. तोच धडा आता गोठ्यात गिरवायचा आहे. खुराटा आणि पाटी आधी, नळी शेवटी.