लांडग्यांच्या टोळीविषयीं एक दुरुस्ती

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास शिकवितांना आम्हीं असें सांगितलें, कीं लांडग्यांच्या टोळींत सर्वांत बलाढ्य नर इतरांशीं झुंजून राजा होतो व बाकीचे त्याचे ताबेदार होऊन राहतात. वर्गांतील दांडगट मुलांस ही गोष्ट फार आवडली. गेलीं पंधरा वर्षें आम्ही हेंच सांगत आलों होतों. तेवढ्यांत मागल्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, पण हे बाकीचे लांडगे टोळींत येतात कोठून?" प्रश्न साधाच, पण आम्हांस उत्तर देतां येईना. तें शोधूं लागलों आणि आमचीच चूक सांपडली. ती चूक ज्या शास्त्रज्ञाच्या ग्रंथानें जगभर पसरली, त्यानेंच ती पुढें दुरुस्तहि केली. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें सांगतों.

त्याचें नांव डॉ. डेव्हिड मीच. मराठी कानास हें नांव मोठें अहंकाराचें वाटेल. परंतु पुढील हकीकत वाचल्यावर तसें वाटणार नाहीं. यांचा जन्म अमेरिकेंत १९३७ सालीं झाला. त्या देशांतील सुपीरियर सरोवरांत आइल रॉयल नांवाचें सुमारें ७२ किलोमीटर लांबीचें बेट आहे. तेथें मूस, म्हणजे घोड्याहून थोर असें सांबराच्या कुळांतील जनावर, पुष्कळ राहतें. १९४० नंतरच्या दशकांत सरोवर गोठलें असतां कांहीं लांडगे बर्फावरून चालत त्या बेटावर गेले. परड्यू विद्यापीठाचे प्राध्यापक ड्युअर्ड ॲलन यांनीं १९५८ सालीं तेथें अभ्यास आरंभिला व मीच हे त्यांचे पहिले विद्यार्थी झाले. हिवाळ्यांत लहानशा विमानांत बसून बर्फांतील पाउलखुणांवरून टोळीचा माग काढावयाचा आणि शिकार कशी होते तें वरून पाहावयाचें, असा त्यांचा तीन हिवाळे क्रम होता.

त्यांनीं काय पाहिलें? लांडग्यांनीं गांठून ज्यांची परीक्षा घेतली अशा ७७ मूसांपैकीं अवघे ६ मारले गेले! जें जनावर पाय रोवून उभें राही, त्यास लांडगे बहुधा सोडून देत. बळी पडत तीं मुख्यतः वासरें आणि म्हातारीं किंवा रोगट जनावरें. लांडगा रानांतील सारीं जनावरें फस्त करितो, अशा समजुतीनें अमेरिकेंत सरकारी पगारावर माणसें ठेवून, विष व सांपळे लावून लांडग्यांचा संहार चालला होता. अलास्का वगळतां त्या देशांत या बेटाखेरीज केवळ मिनेसोटाच्या उत्तर भागांतच कांहीं लांडगे टिकून राहिले होते. तेव्हां ७७ पैकीं ६ हा आंकडा किती मोलाचा होता, हें ध्यानांत येईल.

पुढें १९६८ पासून मिनेसोटाच्या अरण्यांत मीच यांनीं लांडग्यांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधले. प्रत्येक पट्ट्याची रेडिओलहरी निराळी असल्यामुळें विमानांतून अमुक लांडगा अमुक ठिकाणीं आहे हें कळे. त्यावरून एक मौजेची गोष्ट निघाली. दोन टोळ्यांच्या मुलखांच्या सीमेवर हरणें अधिक टिकतात. कारण शेजाऱ्यांशीं गांठ पडून जीव जाईल या भीतीनें लांडगे तेथें फारसे रेंगाळत नाहींत. भाऊबंदकींतल्या बांधावर गवत माजावें, तसाच हा प्रकार.

आतां चुकीकडे वळूं. १९७० सालीं मीच यांनीं लांडग्यावर मोठा ग्रंथ लिहिला व तो फार खपला. त्यांत टोळीच्या राजाची कल्पना त्यांनीं रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निबंधावरून घेतली होती. शेंकेल यांनीं पाहिलेले लांडगे मात्र बासेल येथील प्राणिसंग्रहालयांत कोंडलेले होते. परक्या माणसांस एका खोलींत डांबलें तर तींहि भांडतील. त्यावरून मनुष्याचें कुटुंब कसें चालतें हें कळेल काय?

१९८६ पासून मीच कानडाच्या उत्तर टोंकाच्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्यांत जाऊं लागले. तेथील लांडग्यांस माणसाची भीति नव्हती. गुहेजवळ बसून त्यांनीं पाहिलें, कीं टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांचीं दोन-तीन वर्षांचीं मुलें, बस्स. वडीलपण झुंजून मिळवावें लागत नाहीं. मुलें झालीं कीं तें आपोआप येतें. मुलें वयांत आलीं म्हणजे घर सोडतात, जोडीदार शोधतात आणि नवा संसार थाटतात. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें: बाकीचे लांडगे कोठून येत नाहींत, बहुधा तेथेंच जन्मतात.

हें मीच यांनीं १९९९ सालीं निबंध लिहून उघडपणें मांडलें व आपल्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून प्रकाशकास विनविलें. पुस्तक खपत होतें. अखेर २०२२ सालीं तें थांबलें. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाच्या मागें लागणारा ग्रंथकार आम्हीं तरी दुसरा पाहिला नाहीं.

मध्यंतरीं लांडग्याचे दिवस पालटले होते. १९७४ सालीं अमेरिकेच्या कायद्यानें त्यास संरक्षण दिलें. १९९५-९६ मध्यें कानडांतून ३१ लांडगे आणून यलोस्टोन उद्यानांत सोडण्यांत आले. आइल रॉयलवर २०१६ सालीं दोनच लांडगे उरले होते. तेथेंहि २०१८-१९ मध्यें १९ नवे नेऊन सोडले. तथापि मीच यांनीं २०१२ सालीं इशारा दिला, कीं पूर्वीं लांडग्यास राक्षस ठरविलें, आतां शास्त्रज्ञांनीं त्यास देव्हाऱ्यांत बसवूं नये. ज्याच्या वाड्यांतून कोंकरूं गेलें आहे, त्या मेंढपाळास हें बोलणें पटेल.

आमच्या पूर्वींच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हा अंक धाकट्या भावंडांच्या हातून जाईल. त्यांच्या जुन्या वहींत "टोळीचा राजा" असें जेथें आम्हीं लिहविलें असेल, तेथें तें खोडून "आईबाप" असें लिहावें, ही विनंति.