देणगीचं पुस्तक मुलाच्या हातात कसं पोचतं

सहावी ते आठवीच्या कुठल्याही वर्गात हे मूल भेटतं. त्याला वाचता येतं, पण ते वाचत नाही. धडा मोठ्याने वाचायला सांगितला की एकेका शब्दावर बोट ठेवत जातं, ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतं, आणि कुणी फिसकन हसलं की पुढच्या वेळी उभंच राहत नाही. चौथीपर्यंत गोष्टी छोट्या आणि चित्रं मोठी असतात. सहावीत इतिहास-भूगोलाची भरगच्च पानं अंगावर येतात, टाईप बारीक होतो. घरी अहिराणी, पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठीशी वेगळीच झटापट करावी लागते. ‘याला वाचनाची आवडच नाही’ असं आपण म्हणून टाकतो. पण झेपेल आणि हातात धरायला लाज वाटणार नाही, असं पुस्तक बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत आलेलंच नसतं.

खरी अडचण इथेच आहे. सोपं पुस्तक दिलं तर ते पहिलीतल्या पोराचं वाटतं. वयाला शोभेलसं दिलं तर चौथ्या पानावर दम लागतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत हे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं एक कपाट असतं. म्हणून शिक्षक गावाकडे, माजी विद्यार्थ्यांकडे शब्द टाकतात, आणि लोकसहभागातून गठ्ठे येतात. ते सोडले की जुनी गाईडं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, कुणाच्या तरी आजोबांचे ग्रंथ, कोऱ्या डायऱ्या निघतात. देणाऱ्याचं मन मोठं असतं, यात शंका नाही. पण आपल्या घरातली अडचण दूर करणं आणि बारा वर्षांच्या मुलाला पुस्तक देणं ही दोन वेगळी कामं आहेत.

म्हणून मागणी शाळेसाठी करू नये, एका वर्गासाठी करावी. चाळीस मुलांच्या सातवीला शंभरेक पुस्तकं भरपूर होतात. त्यांतली निम्मी तरी अशी हवीत की एका बैठकीत संपतील: चार-पाच पानांच्या गोष्टी, विनोद, कोडी, चित्रकथा, क्रिकेटपटूंची छोटी चरित्रं, साप आणि पक्ष्यांची सचित्र पुस्तकं. संपलेलं पहिलं पुस्तक ही या मुलासाठी फार मोठी गोष्ट असते. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पातळीचा आकडा छापलेला असतो, तो निवडीला उपयोगी पडतो. निवड झाली की त्यावर कागद चिकटवून टाकावा. आपण ‘खालच्या’ पातळीचं वाचतोय, हे मुलाला मित्रांसमोर कळायचं काही कारण नाही.

मालिकेतली पुस्तकं असली तर फार बरं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, एकदा ओळखीचा झाला की पुढच्या पुस्तकात पात्रं नव्याने समजून घ्यावी लागत नाहीत. त्याची सायकल, त्याचं ‘ट्टॉक’ आधीच ठाऊक असतं. सावकाश वाचणाऱ्याचा निम्मा भार तिथेच हलका होतो. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही असाच कामाला येतो. एखाद्या पुस्तकाच्या पाच प्रती मिळाल्या तर पाच जण ते एकदम वाचतात आणि मधल्या सुट्टीत त्यावरून भांडतात. शंभर वेगवेगळ्या पुस्तकांपेक्षा मला हे भांडण जास्त मोलाचं वाटतं.

पैसा कमी असेल तर ‘किशोर’ मासिक आहे. बालभारती ते 1971 पासून काढते आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. चार पानांची गोष्ट छापून, पुठ्ठ्याला शिवून वर्गात लटकवता येते. खिडकीच्या गजांना सुतळी बांधून तिच्यावर उघडी पुस्तकं टांगली की मुखपृष्ठं दिसतात. कपाटात दिसतात त्या फक्त पाठी, आणि पाठ बघून पुस्तक उचलायला आधीच वाचक असावं लागतं.

आता कपाटाच्या कुलपाबद्दल. पुस्तकं आली तरी ती बंदच का राहतात? शिक्षकाला आळस असतो म्हणून नव्हे. नोंदवहीत चढलेली वस्तू हरवली तर जाब आपल्याला द्यावा लागेल, ही धास्ती असते. ती खोटीही नाही. यावर देणाऱ्याकडे एक साधा उपाय आहे. पुस्तकांसोबत मुख्याध्यापकांच्या नावे पत्र द्यावं: ही पुस्तकं मुलांनी वापरण्यासाठी, घरी नेण्यासाठी दिली आहेत, त्यांतली काही फाटतील, काही हरवतील, त्याबद्दल आमची तक्रार असणार नाही. एवढ्या चार ओळींनी किल्ली सैल होते.

ती किल्ली मग वर्गातल्याच मुलांकडे द्यावी, आणि त्यांत न वाचणारं मूल आवर्जून घ्यावं. देवघेवीची वही लिहिताना त्याला नावं वाचावी लागतात, कुणी काय नेलं ते कळतं, आणि एखाद्या दिवशी ‘यात काय आहे एवढं’ म्हणून ते पान उलटतं. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन सूत्रं आहेत. सातवीच्या वर्गात ती गाठ घालून देतो तो बहुधा शेजारच्या बाकावरचा मित्र.

शिक्षकाने करायचं ते थोडं, पण रोजचं आहे. परिपाठानंतर पंधरा मिनिटं सगळ्यांनी वाचायचं, बाईंनी किंवा सरांनीसुद्धा. आठवड्यातून एकदा गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची आणि ऐन रंगात आली की थांबून पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचं. आवडलं नाही तर अर्ध्यावर परत करायची मुभा द्यायची. सारांश लिहायला लावायचा नाही, तात्पर्य विचारायचं नाही. या एका बाबतीत मी आग्रही आहे. वहीत सारांश मागितला की गोष्टीचा धडा होतो आणि मूल पुन्हा मागच्या बाकावर जातं.

चार महिन्यांत वर्गातली पुस्तकं शिळी होतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात देणगीदारांच्या पैशातून शंभर पुस्तकांची एकेक पेटी तयार होते आणि वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. दोन गावांच्या सातव्या इयत्तांनी सत्र संपताना पेट्यांची अदलाबदल केली तर एकाच खर्चात दोनशे पुस्तकं होतात.

देणगीची वेळही बघावी. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं येतात, फोटो निघतात. पण तोवर दिवाळीची सुट्टी तोंडावर आलेली असते आणि गठ्ठा तसाच कपाटात जातो. तेच जूनमध्ये दिलं तर अख्खं वर्ष हाताशी राहतं. ऑक्टोबरमध्येच द्यायचं असेल तर सुट्टीत प्रत्येक मुलाने दोन पुस्तकं घरी न्यावीत, एवढं शिक्षकांशी बोलून ठरवा.

आणि दिवाळीनंतर एकदा शाळेत जाऊन या. या खेपेला रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. देवघेवीची वही मागा, कुठली पुस्तकं फाटली ते मुलांना विचारा, आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा द्या.