लाकडात राहिलेलं तोकात

तुर्कस्तानात येशिलइर्माक नदीच्या खोऱ्यात तोकात हे जुनं व्यापारी शहर आहे. तिथे छापला जाणारा सुती रुमाल ‘याझ्मा’ म्हणून देशभर ओळखला जातो. बायकांनी डोक्याला बांधायचं हे रोजच्या वापरातलं कापड. त्यावर सफरचंदं, चेरी, द्राक्षांचे घड छापलेले असतात. खोऱ्यातल्या बागाच जणू ठशांत आल्या आहेत.

रुमाल वापरून विरतो. नक्षी पिढ्यान्‌पिढ्या जपतो तो ठसा, त्यामुळे या कलेचा खरा मान कोरणाऱ्याला द्यायला हवा. ठशासाठी बहुधा लिंडेनचं लाकूड घेतात. ते मऊ आणि एकजिनसी असल्याने बारीक पाकळी कोरतानाही सहसा तडकत नाही. नक्षी लाकडावर उतरवून घ्यायची आणि जिथे रंग नको तिथलं लाकूड कोरून काढायचं. बाह्यरेषेचा काळा ठसा वेगळा, आतल्या प्रत्येक रंगाचा वेगळा. नुसत्या काळ्या रेषेच्या कामाला ‘काराकालेम’ म्हणतात, बहुरंगी कामाला ‘एल्वान’. छापणारा ठसा रंगात टेकवून कापडावर ठेवतो आणि वरून मुठीचा ठोका देतो. पुढचा ठसा आधीच्या रेषेत नेमका बसला नाही, तर चेरीचा लाल रंग देठावर जातो.

छापून झालं तरी रुमाल अपुराच असतो. त्याच्या कडेला बायका सुईने किंवा क्रोशाने ‘ओया’ नावाची झालर विणतात. मिरचीच्या आकाराची ओया म्हणजे नवऱ्यावरचा राग, असं अनातोलियात सांगतात. तोंडाने बोलता न येणारं असं काठावर गुंफून सांगणाऱ्या त्या बायकांचं कौतुक वाटतं.

तोकातचं छापील कापड एके काळी दूरवर जात असे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर 1701 मध्ये या शहरात आला होता. इथलं कापड इराणी कापडाइतकं देखणं नसलं तरी रशियात आणि क्रिमियात खपतं, असं त्याने नोंदवलं. त्याआधीच, 1672 च्या सुमारास, मार्सेयच्या व्यापाऱ्यांनी छापकाम शिकवायला आर्मेनियन कारागीर आणले होते. भारतातून येणाऱ्या छिटांनी तेव्हा युरोपला वेड लावलं होतं. ते इतकं वाढलं की स्वतःच्या विणकरांना वाचवण्यासाठी फ्रान्सने 1686 मध्ये अशा कापडावर बंदीच घातली.

जुना लाल रंग मुळांतून मिळे. आयुर्वेदातल्या मंजिष्ठेच्याच कुळातली एक वनस्पती अनातोलियात पिकते. तिच्या मुळ्यांचा रंग तुरटीच्या जोडीने सुतावर पक्का बसतो. 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला अलिझरिन हा रंगघटक प्रयोगशाळेत बनवला आणि पुढे मुळ्यांची शेती बसली. नंतर स्क्रीन प्रिंटिंगने ठशांचंही बरंचसं काम काढून घेतलं.

अशा काळात चित्रकार-कवी बेद्री रहमी एयुबोलू (1911–1975) याझ्माकडे वळले. पत्नी एरेन यांच्यासह त्यांनी स्वतःच्या नक्षीचे ठसे करून कापड छापलं. शहरी घरांनी ते पडदा म्हणून, भिंतीवरचं चित्र म्हणून घेतलं. गावच्या रुमालाचं तंत्र कलादालनात पोचलं, हे त्यांचं मोठं काम. तोकातमध्ये आजही काही कारागीर हाताने छापतात. स्क्रीनचा रुमाल स्वस्त पडत असल्याने रोजचं गिऱ्हाईक तिकडे वळतं. हाताचं काम जास्त करून जातं ते पर्यटकांकडे.