हुमणीचा माग : ऑगस्टकडून जूनकडे

उभ्या सोयाबीनमध्ये मधेच एखादा पट्टा पिवळा पडतो. झाड ओढले की अलगद हातात येते. तंतुमुळे कुरतडून फस्त झालेली असतात. धाराशिव जिल्ह्यात मुळे खाणारी हुमणी अळी ओळखायची जुनी रीत हीच. पण ही खूण दिसते ऑगस्टच्या सुमारास, नुकसान होऊन गेल्यावर.

आधी शोधण्याची निकड फारशी नव्हती, कारण औषध हाताशी होते. ऊस असो की कोरडवाहू खरीप, बीएचसी पावडर धुरळायची किंवा फोरेटचे दाणे मातीत टाकायचे. 1997 मध्ये बीएचसीवर बंदी आली, 2020 अखेर फोरेटही गेले. आता किडीचा ठावठिकाणा आधी लावणे भाग पडले.

दरम्यान 2008 च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन झोडपले आणि पुढच्या हंगामापासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. नियमित सर्वेक्षणाची शिस्त त्याने लावली. मात्र पानावरची अळी डोळ्यांना दिसते, हुमणीसाठी खुरपे चालवावे लागते. एक चौरस मीटर जागा उकरायची. तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली एक पांढरट अळी सापडली तरी उपाय सुरू करायचे, हा आज रूढ असलेला निकष.

त्याही आधीची संधी वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर येते. दिवेलागणीला जमिनीतून हुमणीचे प्रौढ भुंगेरे निघतात, कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांदी हलवली की खाली पडतात, मोजता येतात. झाडामागे सरासरी वीस भुंगेरे म्हणजे धोक्याची पातळी. रॉकेलमिश्रित पाण्यावर टांगलेला दिवाही हेच सांगतो, शिवाय मादी अंडी घालण्याआधीच मारतो.

अमेरिकेत मातीतल्या अळ्यांची हालचाल ऐकणाऱ्या यंत्रांवर संशोधन झाले आहे. आपल्याकडे मात्र हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, त्यामुळे जूनमधल्या काही संध्याकाळी नीट साधल्या तरी बरेच काम भागते.

भुंगेरा बांध ओळखत नाही. एकट्याने दिवा लावून भागणार नाही. पहिला पाऊस पडला की अख्ख्या शिवाराने एकाच वेळी झाडे हलवावीत.